शून्य वेगळं, कोरं वेगळं

सात दिवसांच्या नोंदी. एकच निळं पेन, एकच दाब, एकसारखं अक्षर आणि सातही रात्रींच्या रकान्यात ‘सर्व ठीक’. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या नि प्रौढांच्या निवासी संस्थांत वर्तन-नोंदीची वही चाळली की असं पान सापडतं. आठवडाभराच्या नोंदी शनिवारी दुपारी एका बैठकीत भरल्या आहेत, हे पान स्वतःच सांगतं.

अधीक्षक म्हणतात, काळजीवाहक मावशींना लिहायचा कंटाळा. संस्थाचालक म्हणतात, त्यांचं शिक्षण कमी. तपासणीला आलेले साहेब म्हणतात, एखादं प्रशिक्षण लावा. मला ही तिन्ही निदानं मान्य नाहीत. वही खोटी भरते कारण ती चुकीच्या जागी ठेवलेली असते, चुकीचं विचारते आणि भरल्यावर कोणी वाचत नाही. मावशींच्या हातात यातलं काहीच नसतं.

त्यांची सकाळ बघा. साडेपाचला उठवणं, अंथरुणं बदलणं, शी-शू, दात, आंघोळी, कपडे, केस. कोणाला भरवायचं, कोणाचा घास बारीक करायचा, कोणाला फिट येऊन गेली की कुशीवर वळवून जवळ बसायचं. एक हात कोणाच्या तरी मनगटावर, दुसऱ्या हातात टॉवेल. आणि वही ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, किल्ली अधीक्षकांकडे. सकाळी आठला घडलेलं पाळी सुटताना लिहायचं, तेही तीन मजल्यांवरच्या तीस जणांचं. कोणत्याही माणसाला हे जमणार नाही. आयएएस अधिकाऱ्यालाही नाही.

आता त्या वहीत लिहिलेलं असतं काय? ‘त्रास दिला.’ ‘चिडला.’ ‘हट्टीपणा केला.’ ‘आज आक्रमक.’ यातून त्या मुलाने नेमकं काय केलं ते कळत नाही. ओरडला का? ताट भिरकावलं का? स्वतःच्याच कानशिलावर मारून घेतलं का? किती वेळा, किती वेळ, त्याआधी काय झालं होतं आणि नंतर त्याच्या पदरात काय पडलं? पुढच्या महिन्यात मानसोपचारतज्ज्ञ येतात, दहा मिनिटांत पंधरा जणांना बघतात, वहीतला ‘आक्रमक’ हा शब्द वाचतात आणि गोळी वाढते. मुलगा शांत होतो. म्हणजे झोपाळू होतो, वजन वाढतं, तोंडातून लाळ गळायला लागते. वहीत येतं, ‘सुधारणा.’

मी हे वाढवून सांगत नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५मध्ये अंदाज मांडला होता की, बौद्धिक अक्षमता असलेले ३० ते ३५ हजार प्रौढ रोज मनोविकारावरची किंवा नैराश्यावरची औषधं घेत आहेत आणि त्यांना ज्यासाठी ती औषधं देतात तो आजारच नाही. पुढच्याच वर्षी तिथे ही औषधं कमी करण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली. जिथे नोंद धड नसते तिथे गोळी वाढवायला कारण लागत नाही, आणि कमी करायला पुरावा सापडत नाही. दुसरी गोष्ट अधिक वाईट आहे. गोळी थांबवून बघू म्हणणाऱ्या डॉक्टरकडे दाखवायला काय असतं? ‘सर्व ठीक’च्या तीनशे ओळी.

आणि गोळीने झाकलं जातं ते कधीकधी साधं दुखणं असतं. बोलता न येणाऱ्या माणसाचा कान ठणकतो, दाढ किडते, पोट चार दिवस साफ झालेलं नसतं, पाळीच्या आधी ओटीपोट दुखतं. तो सांगू शकत नाही, डोकं आपटतो. मार्क ओ’रायली या संशोधकाने १९९७मध्ये एका बालकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते बालक स्वतःला इजा करून घ्यायचं, पण सदान्‌कदा नाही. कानाला संसर्ग झाला असेल त्याच काळात. रोजची तारीखवार नोंद होती म्हणून हे दिसलं. ‘त्रास दिला’ लिहिलं असतं तर ते बालक त्रासदायकच ठरलं असतं.

म्हणून पहिली मागणी: माणसाचा स्वभाव लिहू नका, त्याने केलेली कृती लिहा. ‘चिडला’ हा आपला निष्कर्ष झाला. ‘उजव्या हाताच्या तळव्याने उजव्या कानावर मारलं’ ही कृती. आणि कृतीच्या आगेमागे काय होतं ते लिहा. हे काही काल निघालेलं खूळ नाही. सिडनी बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८मध्येच ही तीन रकान्यांची रीत मांडली होती: आधी काय झालं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. विशेष शिक्षकांना डीएडच्या अभ्यासक्रमात ती पाठ असते. वर्गाबाहेर, न्हाणीघरात, पंगतीत, रात्रीच्या खोलीत ती पोचत नाही, कारण तिथे विशेष शिक्षक नसतो. तिथे मावशी असतात.

एक नोंद अशी: ‘सकाळी आंघोळीला त्रास दिला, चावला.’

दुसरी अशी: ‘७.४०. आंघोळीची रांग, नंबर चौथा. न सांगता डोक्यावर गार पाण्याचा तांब्या. माझ्या दंडाला चावला, दोनदा. मी खोलीत परत नेलं, आंघोळ राहिली.’

दोन्ही नोंदी एकाच सकाळच्या. पहिलीत एक वाईट मुलगा आहे. दुसरीत रांग आहे, गार पाणी आहे, न सांगता ओतलेला तांब्या आहे आणि शेवटी चावल्यामुळे आंघोळ टळली हेही आहे. असंच चार-पाच सकाळी दिसलं तर काय करायचं ते कळायला तज्ज्ञ लागत नाही. पाणी कोमट करा, नंबर पहिला लावा, आधी तांब्या त्याच्या हातात द्या, पायावर पाणी घ्या, मग अंगावर. हे सगळं मावशींनाच सुचेल, आणि आपल्याआधी सुचेल. शेवटचं वाक्य लिहायला मात्र धीर लागतो. ‘आंघोळ राहिली’ लिहिलं की विचारणा होते.

इथे खरी मेख आहे. खरं लिहिणाऱ्याला आपण शिक्षा करतो. मावशींनी लिहिलं ‘तीनदा मारलं’ की ऑफिसातून बोलावणं. ‘मावशी, तुमच्याच ड्युटीत कसं काय होतं हे? बाकीच्यांच्या वेळेला तर शांत असतो.’ बाकीच्यांच्या वेळेला तो शांत नसतो, बाकीच्या लिहीत नाहीत. महिन्याभरात या मावशीही शहाण्या होतात आणि ‘सर्व ठीक’ लिहायला लागतात. मग आपण ट्रस्टींच्या सभेत आलेख दाखवतो: घटना घटल्या. घटना तेवढ्याच आहेत, लिहिणारी गप्प झाली आहे. अधीक्षकांनो, वाढलेला आकडा घेऊन मावशी तुमच्याकडे आल्या तर त्यांना बसायला खुर्ची द्या. त्या तुम्हाला माहिती देतायत. त्या आकड्यावरून त्यांचा मेमो निघणार असेल तर वही बंद करून टाका. निदान खोटी माहिती तरी साठणार नाही.

याच भीतीतून दुसरा घोळ होतो, आणि मला तो सगळ्यांत घातक वाटतो. शून्य आणि कोरं यांतला फरक पुसला जातो. शून्य म्हणजे मी बघत होते आणि घडलं नाही. कोरं म्हणजे मी बघत नव्हते. रात्रपाळीला एकटी काळजीवाहक, दोन खोल्या, बावीस पलंग. एका खोलीत कोणाला उलटी झाली तर दुसरी खोली तासभर बघायची राहते. त्या तासाच्या घरात शून्य टाकणं म्हणजे खोटं बोलणं, आणि आपण तिला तेच करायला लावतो, कारण तपासणीत कोरं घर दिसलं की शेरा येतो. कोरं घर हा खरं तर वहीतला सगळ्यांत मौल्यवान मजकूर आहे. ते सांगतं की या वेळेला या माणसाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पहाटे तीन ते पाचची घरं महिनाभर कोरी असतील तर त्या मावशींना नोटीस काढू नका. रात्रपाळीला आणखी एक माणूस नेमा.

लिहायला वेळ नाही, ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण उपाय आहेत, स्वस्त आहेत, जुने आहेत. टुशेट, मॅकडॉनल्ड आणि लँगर या तिघांनी १९८५मध्ये एक साधा तक्ता सुचवला. आडवे दिवस, उभे अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन. वर्तन घडलं नाही तर घर मोकळं, थोडं घडलं तर तिरकी रेघ, फार घडलं तर घर काळं. एकही अक्षर लिहायचं नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या मावशींना जमतं, सही न येणाऱ्या मावशींनाही जमतं. त्यात मी एकच फेरफार करीन: ‘बघितलं, नाही घडलं’ याला टिंब, आणि मोकळं घर फक्त ‘बघितलं नाही’ यासाठी राखून ठेवायचं. दोन आठवड्यांत त्या पानावर काहीतरी दिसायला लागतं. काळी घरं मंगळवारी चारला, फिजिओथेरपीच्या आधी. किंवा रोज सव्वाबाराला, पंगत बसायच्या आधीच्या लांबलेल्या अर्ध्या तासात. किंवा एका ठरावीक माणसाच्या पाळीत. हे शेवटचं दिसलं तर ते नजरेआड करू नये. मुलगा सांगू शकत नाही, तक्ता सांगत असतो.

या तक्त्याला डोक्यावर घेऊ नका, हेही सांगतो. १९९८मध्ये कांग आणि सहकाऱ्यांनी असे बरेच तक्ते तपासले, तेव्हा नुसत्या नजरेला भरवशाचा नमुना दिसला नाही. संख्याशास्त्र लावल्यावर बहुतेकांत तो सापडला. म्हणजे तक्ता उत्तर देईलच असं नाही. कुठे जाऊन नीट बघायचं ते सुचवतो. एवढंही आज आपल्याकडे कुठे आहे?

मोजायचं असेल तर? दिवसाला वीस-तीसदा घडणाऱ्या गोष्टीसाठी वही काढत बसणं अशक्य. मावशींच्या एप्रनला दोन खिसे शिवा. उजव्या खिशात मूठभर चिंचोके. एकदा घडलं की एक चिंचोका डाव्या खिशात. पाळी संपली की डावा खिसा मोजायचा आणि एक आकडा लिहायचा. किंवा देवळाबाहेर जपाचं बोटात घालायचं काउंटर मिळतं ना, ते घ्या. बटण दाबलं की आकडा पुढे. हात ओला असला तरी चालतं. टॅब्लेट घेऊन दिलेल्या संस्थाही आहेत. पण तो टॅब्लेट चार्जिंगला ऑफिसात लावलेला, पासवर्ड क्लार्कला ठाऊक आणि स्क्रीनवरची भाषा इंग्रजी असेल, तर त्यापेक्षा चिंचोके लाख पटींनी बरे.

मोबाइल मात्र जपून. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टाफ ग्रुपवर मुलाचा झटापटीचा व्हिडिओ टाकायचा, वर ‘आजची परिस्थिती’ लिहायचं, हे अनेकांना नोंद वाटतं. ती त्या मुलाची अब्रू चव्हाट्यावर मांडणं आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात लहान मुलांबरोबरच कायदेशीर पालक नेमलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांची संमती वेगळी नमूद केली आहे. कायदा नसता तरीही ते करायचं नव्हतं. आपली अशी चित्रफीत चाळीस जणांच्या फोनवर गेलेली आपल्यापैकी कोणाला चालली असती?

आता व्याख्येचं. ‘मारलं’ म्हणजे काय, हे दोन मावशींना वेगवेगळं विचारा. एक म्हणेल, हात उगारला तरी मारलंच. दुसरी म्हणेल, वळ उठला तर मारलं. मग सकाळच्या पाळीत चौदा आणि दुपारच्या पाळीत तीन असे आकडे येतात, आणि आपण शोधत बसतो की सकाळी याला काय होतं. काही होत नसतं, मोजणाऱ्या दोघी आहेत. म्हणून बसून ठरवायचं, मावशींसोबत, त्यांच्याच शब्दांत: ‘उघड्या हाताने किंवा मुठीने दुसऱ्याच्या अंगाला लागेल असं मारणं. टाळी देणं धरायचं नाही. हवेत हात फिरवणं धरायचं नाही.’ मग दोघींनी एकाच मुलाकडे एकाच वेळी दहा मिनिटं बघायचं, एकमेकींना न दाखवता मोजायचं. लहान आकडा भागिले मोठा आकडा, गुणिले शंभर. ऐंशीच्या वर आलं तर चालेल असा या क्षेत्रातला रिवाज आहे. ऐंशीच्या खाली आलं तर मावशींना ओरडायचं नाही. व्याख्या पुन्हा लिहायची.

आपल्याकडे साधनं नाहीत असं कोणी म्हणू नये. सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेवरच्या राष्ट्रीय संस्थेत रीटा पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी १९९२मध्ये भारतीय मुलांसाठी ‘बेसिक-एमआर’ ही मापनश्रेणी तयार केली. तिच्या दुसऱ्या भागात समस्यावर्तनाच्या ७५ बाबी, दहा गटांत: मोडतोड, आदळआपट, स्वतःला इजा, तेच तेच करत राहणं, भीती वगैरे. आपल्या घराशाळांतलं वागणं बघून केलेलं हे काम आहे. आज त्याचं काय होतं? प्रवेशाच्या वेळी एकदा भरतात आणि फाइलला लावतात. त्यातले गुण ‘कधीच नाही, कधीकधी, वारंवार’ असे असतात. कुठून सुरुवात करायची ते ठरवायला उत्तम, रोजच्या बदलासाठी नाहीत. त्यातून एक किंवा दोन वर्तनं निवडायची आणि रोज तेवढंच मोजायचं. एका मुलाची एकोणीस वर्तनं रोज नोंदवायला सांगणारा तक्ता मी पाहिला आहे. तो बनवणाऱ्याने कधी एका मुलाला आंघोळ घालून बघितली असती तर दोनवर थांबला असता.

प्रशिक्षण हवंच, पण कसलं? हॉलमध्ये प्रोजेक्टर, दीडशे स्लाइड, चहा-बिस्किटं, प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. डेनिस रीड आणि मार्शा पार्सन्स यांनी अमेरिकेत अशाच संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांसोबत अनेक वर्षं काम केलं. त्यांचं सांगणं सरळ आहे: तोंडी सांगा, लेखी द्या, करून दाखवा, त्यांच्याकडून करवून घ्या, लगेच सांगा काय बरोबर झालं, आणि जमेपर्यंत पुन्हा. पहिल्या दोनांवर थांबलात तर काम बदलत नाही. राष्ट्रीय न्यासाची काळजीवाहकांसाठी ‘सहयोगी’ नावाची प्रशिक्षण योजना आहे. तिथून शिकून आलेल्या मावशींना संस्थेत आल्यावर पुन्हा त्याच कपाटातल्या वहीसमोर बसवलं तर ते शिक्षण महिन्याभरात विरून जातं. शिकवणाऱ्याने न्हाणीघरात उभं राहून शिकवायला हवं, सकाळी सात वाजता.

आणि भरलेली नोंद मावशींपर्यंत परत गेली पाहिजे. वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या बाईला एकदाही कोणी सांगितलेलं नसतं की तुमच्या त्या ओळीमुळे आम्ही कानाच्या डॉक्टरकडे नेलं, पू निघाला, आता आठ दिवस डोकं आपटलेलं नाही. एवढं सांगितलं तर कोणाही मावशींना लिहायचा कंटाळा येणार नाही. आठवड्यातून एकदा, अधीक्षक, विशेष शिक्षक आणि दोन्ही पाळ्यांच्या मावशी, पंधरा मिनिटं, एका मुलाचं एक पान. पहिला प्रश्न मावशींना: तुम्हाला काय वाटतं, का होत असेल? मानसोपचारतज्ज्ञ येतील तेव्हा खोलीत अधीक्षकांच्या शेजारी त्या मावशींचीही खुर्ची असावी. मुलाबरोबर अख्खी पाळी काढणारी व्यक्ती दाराबाहेर आणि वही आत, ही पद्धत मोडली पाहिजे.

सरकारकडे वळतो. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने संस्थांची नोंदणी बंधनकारक केली. महाराष्ट्रात २०२२च्या डिसेंबरात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आला, त्याचं तेव्हा आपण सगळ्यांनी स्वागत केलं. आता तपासणीचं स्वरूप बदला. आज तपासणी विचारते: वही आहे का, पानांना नंबर आहेत का, सह्या आहेत का. अशा प्रश्नांना अशीच वही मिळणार. साहेबांनी ऑफिसात चहा घ्यायच्या आधी वरच्या मजल्यावर जावं, ड्युटीवरच्या मावशींना एका मुलाचं पान उघडायला सांगावं आणि विचारावं: या महिन्यात हे लिहिल्यामुळे या मुलाचं काय बदललं? पाणी कोमट झालं? जेवणाची वेळ सरकली? गोळी कमी झाली? कानाच्या डॉक्टरकडे नेलं? मावशींना एक जरी गोष्ट सांगता आली तर ती वही चांगली, मग तिच्यावर डाळीचे डाग असोत. सांगता आली नाही तर सह्या मोजू नयेत.

आणि अनुदानाच्या हिशेबात एक बाब घाला. सकाळची पाळी दुपारी दोनला सुटते आणि दुपारची दोनलाच सुरू होते. मधे एक मिनिटही नाही. जाणारी मावशी चपला घालता घालता सांगते, ‘अगं, त्याचा कान बघ जरा,’ आणि एसटी गाठायला पळते. त्या वेळेला पंधरा मिनिटांचा सांधा द्या, दोन्ही पाळ्या एकत्र, वही मधे उघडी. ती पंधरा मिनिटं ड्युटीत धरा आणि पगारात धरा.